देशाचा रॉकेट प्रक्षेपण तळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नव्या प्रक्षेपण तळाची बातमी आली की तेच ते प्रश्न पुन्हा निघतात. इतकी जमीन कशाला? हाच किनारा का? आहे तो तळ पुरत नाही का? त्यांची उत्तरे इथे एकत्र केली आहेत. बहुतेक उत्तरांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, म्हणून ती आधीच सांगून टाकतो: एखादे रॉकेट कधीतरी पडणारच, हे धरूनच तळाचा आराखडा केलेला असतो. हे लक्षात ठेवले की विचित्र वाटणारे बरेच निर्णय सरळ दिसू लागतात.

प्रक्षेपण तळ म्हणजे लाँच पॅडच ना?

पॅड, म्हणजे उड्डाणमंच, हा तळाचा अगदी लहानसा भाग. श्रीहरिकोटा हे आंध्र प्रदेशातले बेट चेन्नईच्या उत्तरेला सुमारे ८० किलोमीटरवर, पुलिकत सरोवर आणि बंगालचा उपसागर यांच्या मध्ये आहे. तिथल्या सतीश धवन अवकाश केंद्राचा पसारा सुमारे १४५ चौरस किलोमीटर आहे आणि मोठे उड्डाणमंच आहेत दोन. बाकी जागेत रॉकेट जोडण्याच्या इमारती, इंधनाच्या टाक्या, घन इंधन तयार करण्याचा कारखाना, नियंत्रण कक्ष, रडार, हवामान कार्यालय, अग्निशमन दल, कर्मचाऱ्यांची वसाहत आणि या सगळ्यांना जोडणारे रस्ते आहेत.

आणि तरीही बरीच जमीन रिकामी उरते. ती चुकून उरलेली नाही. इंधनाचा साठा आणि माणसे यांच्यात, एक मंच आणि दुसरा मंच यांच्यात ठरावीक अंतर ठेवावेच लागते. म्हणजे रिकामी जमीन हाही बांधकामाचाच भाग झाला. ती संपादन करावी लागते, राखावी लागते, आणि चाळीस वर्षांनी कोणी तिथे वस्ती करायला परवानगी मागितली तर नाही म्हणावे लागते.

जागा ठरवताना नकाशावर आधी काय बघतात?

रॉकेट कुठून उडणार यापेक्षा ते कशावरून जाणार हे आधी बघतात. रॉकेट एकावर एक रचलेल्या टप्प्यांचे असते. पहिला टप्पा दोन-तीन मिनिटांत जळून संपतो आणि तळापासून शेकडो किलोमीटरवर खाली येतो. मग दुसरा येतो, त्याहून लांब. उपग्रहावरचे संरक्षक कवचही मध्येच सुटून पडते. हे सगळे जिथे पडेल ते पट्टे उड्डाणमार्गावर आखले जातात आणि त्या पट्ट्यांत माणसे नसावीत अशी अट असते. म्हणून जगातले बहुतेक मोठे तळ समुद्रकाठी आहेत.

समुद्र नसला तर काय होते हे चीनच्या शिचांग तळावरून कळते. तो डोंगराळ मुलखात, देशाच्या आत आहे. १५ फेब्रुवारी १९९६ रोजी तिथून उडालेले लाँग मार्च ३बी रॉकेट सुटताच कलंडले आणि जवळच्या डोंगरावर जाऊन फुटले, जीवितहानी झाली. सुरळीत उड्डाणातही तिथल्या रॉकेटांचे वापरलेले टप्पे गावांच्या आसपास पडत आले आहेत. पुढे चीनने हैनान बेटावर वनचांग इथे किनाऱ्यालगत नवा तळ बांधला. २०१६ मध्ये तिथून पहिले उड्डाण झाले.

तळ विषुववृत्ताजवळच हवा, असे का म्हणतात?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे जमिनीवर स्थिर उभे असलेले रॉकेटही पूर्वेकडे जातच असते. विषुववृत्तावर हा वेग सेकंदाला सुमारे ४६५ मीटर असतो. अक्षांश वाढला की तो घटतो: श्रीहरिकोट्याला, सुमारे १३.७ अंशांवर, ४५२ मीटर. फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलला ४०९. कझाकस्तानातल्या बायकोनूरला ३२० च्या आसपास. खालच्या कक्षेत राहायला सेकंदाला साधारण ७.८ किलोमीटर वेग लागतो. त्यातले चार-साडेचारशे मीटर फुकट मिळत असतील तर कोण सोडेल?

पण खरा फायदा वेगाचा नाही, तो कक्षेच्या कलाचा, म्हणजे ती विषुववृत्ताशी किती तिरकी आहे याचा आहे, आणि याबद्दल फारसे बोलले जात नाही. रॉकेट ज्या अक्षांशावरून सरळ उडते त्याहून कमी कललेल्या कक्षेत ते थेट जाऊ शकत नाही. दूरसंचाराचे भूस्थिर, म्हणजे जमिनीवरून आकाशात एकाच जागी दिसणारे उपग्रह तर विषुववृत्ताच्या बरोबर वर, शून्य कलाच्या कक्षेत लागतात. उत्तरेकडच्या तळावरून निघालेल्या उपग्रहाला वर जाऊन कक्षा वळवावी लागते आणि त्यात भरमसाट इंधन जाते. रशियाच्या सोयुझ रॉकेटचे उदाहरण घ्या. बायकोनूरहून ते भूस्थिर कक्षेच्या वाटेवर सुमारे १.७ टन वजन नेऊ शके. २०११ मध्ये त्याच जातीचे रॉकेट दक्षिण अमेरिकेत, फ्रेंच गयानामधल्या कुरू तळावरून उडू लागले आणि आकडा ३ टनांच्या घरात गेला.

कुरूचा अक्षांश सुमारे ५.२ अंश आहे. शिवाय तिथे पूर्वेलाही समुद्र आणि उत्तरेलाही. अशी जागा हाती लागणे हे नशीबच म्हणायचे. फ्रान्सला ती लाभली, कारण अल्जीरियाच्या वाळवंटातला हम्मागिर तळ त्याला १९६७ पर्यंत रिकामा करून द्यायचा होता आणि दुसरी जागा शोधणे भागच होते.

किनारा पश्चिमेला असेल तर?

भारताचा पहिला रॉकेट तळ पश्चिम किनाऱ्यावरच होता. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातल्या थुंबाहून नाइकी-अपाची हे रॉकेट उडाले. चुंबकीय विषुववृत्त त्या भागातून जाते, म्हणून वातावरणाच्या वरच्या थराचा अभ्यास करायला ती जागा उत्तम होती. जागेच्या निवडीत कोल्हापुरात जन्मलेले शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीस यांचा मोठा वाटा होता. पण तिथून उडायची ती संशोधन रॉकेटे. ती वर जातात, मोजमापे घेतात आणि समुद्रात पडतात. उपग्रह सोडायचा तर रॉकेट पूर्वेकडे न्यावे लागते, आणि थुंबाहून पूर्वेला दाट वस्तीचा मुलूख आहे. म्हणून उपग्रहांसाठी पूर्व किनाऱ्यावर शोध सुरू झाला आणि १९६९ मध्ये श्रीहरिकोटा ठरले.

इस्रायलसमोर असा पर्यायच नव्हता. त्याचा समुद्र पश्चिमेला आणि पूर्वेला शेजारी देश. पाल्माखिम तळावरून इस्रायल उपग्रह उलटे, भूमध्य समुद्रावरून पश्चिमेकडे सोडतो. १९८८ मधला ओफेक-१ असाच गेला. त्या अक्षांशावर पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३९५ मीटर आहे. पूर्वेला जाणाऱ्याला तो मिळतो, पश्चिमेला जाणाऱ्याला तो आधी फेडावा लागतो. म्हणजे फरक जवळजवळ ८०० मीटरचा. त्याची किंमत उपग्रहाच्या वजनात मोजावी लागते.

एक तळ असताना ध्रुवीय कक्षेसाठी दुसरा कशाला?

भारताच्या कुलशेखरपट्टिणम इथल्या नव्या तळाबद्दल हा प्रश्न हमखास येतो. पृथ्वीचे निरीक्षण करणारे उपग्रह साधारण उत्तर-दक्षिण, ध्रुवांवरून फिरतात. श्रीहरिकोट्याहून थेट दक्षिणेला निघालात तर वाटेत श्रीलंका. म्हणून भारताचे पीएसएलव्ही हे रॉकेट आधी आग्नेयेकडे जाते आणि समुद्रावर पुरेसे दूर पोचल्यावर वळण घेऊन दक्षिणेकडे वळते. या वळणाला इंधन लागते. मोठ्या रॉकेटाला ते परवडते. पण ५०० किलोमीटर उंचीवर ५०० किलो नेण्यासाठी बांधलेल्या एसएसएलव्हीसारख्या छोट्या रॉकेटाची बरीचशी ताकद त्या वळणातच संपते.

तमिळनाडूच्या तूत्तुकुडी जिल्ह्यातले कुलशेखरपट्टिणम श्रीलंकेच्या पश्चिमेला आहे. तिथून सरळ दक्षिणेला अंटार्क्टिकापर्यंत पाणीच पाणी. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी या तळाची पायाभरणी झाली. सव्वादोन हजार एकरांच्या आसपास जमीन आणि सुमारे ९८६ कोटी रुपये खर्च एका वळणासाठी जास्त वाटेल. पण हे वळण प्रत्येक उड्डाणात पडते.

अमेरिकेची विभागणी याच धर्तीवर आहे: पूर्वेकडे जाणारी उड्डाणे फ्लोरिडातून, ध्रुवीय बहुतांशी कॅलिफोर्नियातल्या व्हँडेनबर्गहून.

उड्डाणमंचाखाली नेमके काय असते?

मंचाखाली एक खोल खंदक असतो. तळावरच्या स्थापत्य अभियंत्यांना विचाराल तर खरा मंच तोच. वर दिसते ती नुसती रॉकेट धरून ठेवायची चौकट. इंजिनांतून येणारा झोत मंचावर आपटून उलट वर आला तर रॉकेटालाच भाजून काढील. म्हणून खाली उतरत्या, वळवलेल्या भिंती बांधून झोत बाजूला, शक्यतो समुद्राच्या दिशेने बाहेर काढतात. तिथे साधे काँक्रीट टिकत नाही. उष्णतेने त्याच्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि पापुद्रे फुटून उडतात. म्हणून अस्तराला उष्णतारोधक विटा किंवा खास मिश्रण वापरतात, आणि तेही उड्डाणानंतर तपासून पुन्हा लिंपावे लागते.

दुसरा शत्रू आवाज. आवाज म्हणजे हवेतला दाब, आणि मोठ्या रॉकेटाच्या बाबतीत तो उपग्रहाचे नाजूक भाग खिळखिळे करू शकतो. १२ एप्रिल १९८१ रोजी पहिले स्पेस शटल उडाले तेव्हा मंचावरून उलटलेली दाबाची लाट अंदाजापेक्षा कितीतरी मोठी निघाली आणि यानाला धक्के बसले. त्यानंतर पाण्याची योजना बदलण्यात आली. शटलच्या मंचावर ४१ सेकंदांत सुमारे ११ लाख लिटर पाणी सोडले जाई. उंच टाकीतून, निव्वळ उतारावर, कारण त्या घटकेला पंप बंद पडला तर दुसरी संधी नसते. उड्डाणाच्या वेळी दिसणाऱ्या पांढऱ्या लोटांतला बराचसा भाग धूर नसून वाफ असते ती यामुळे.

या दोन्ही गोष्टी टाळून पाहिल्या तर? २० एप्रिल २०२३ रोजी टेक्सासच्या किनाऱ्यावरून ३३ इंजिनांचे स्टारशिप उडाले. त्या मंचाखाली ना ज्वालेचा खंदक होता, ना पाण्याचा मारा. झोताने काँक्रीट फोडून जमिनीत खड्डा पाडला, ढेकळे दूरवर उडाली आणि धूळ काही किलोमीटरवरच्या गावावर जाऊन बसली. पुढच्या उड्डाणाआधी तिथे पाणी फवारणारी जाड पोलादी तबकडी बसवावी लागली. मातीकाम महाग असते हे खरे, पण ते न करणे त्याहून महाग पडले.

रॉकेट कारखान्यातून तयार होऊन येते की तळावर बांधतात?

टप्पे कारखान्यांतून येतात आणि तळावर जोडले जातात. जोडायच्या दोन रीती आहेत. रशियात रॉकेट आडवे जोडून रेल्वेने मंचावर नेतात आणि तिथे उभे करतात. अमेरिकेत केनेडी केंद्रावर १६० मीटर उंचीच्या इमारतीत ते उभेच जोडले जाते आणि फिरत्या मंचासह बाहेर काढले जाते. श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या मंचावर अशीच उभी रीत आहे; पहिल्या मंचावर पीएसएलव्ही पूर्वी जागेवरच जोडली जाई आणि तिला झाकणारी भलीमोठी इमारत उड्डाणाआधी रुळांवरून मागे सरकवली जाई. जागेवर जोडले तर मंच आठवडेच्या आठवडे अडकून पडतो. म्हणून तिथेही आता जोडणीसाठी वेगळी इमारत झाली आहे.

वाहतुकीचा विचार मात्र जागा निवडतानाच करावा लागतो. लाँग मार्च ५ चा मुख्य टप्पा पाच मीटर व्यासाचा आहे आणि तो चीनच्या रेल्वे बोगद्यांत मावत नाही. वनचांगला तो जहाजाने येतो. बंदर जवळ नसते तर ते रॉकेट त्या आकाराचे झालेच नसते.

इंधन एवढे धोक्याचे असते का?

प्रकारावर आहे. द्रवरूप ऑक्सिजन उणे १८३ अंश सेल्सिअसला साठवतात, हायड्रोजन उणे २५३ ला. दोन्ही सतत उकळत असतात, म्हणून टाक्या दुहेरी भिंतींच्या आणि मधली हवा काढलेल्या असतात. मंचावर भरणे उड्डाणाच्या काही तास आधी, आणि तेव्हा मंचावर माणूस नाही. काही रॉकेटांत डायमिथाइल हायड्रेझिनच्या जातीची इंधने असतात. ती ऑक्सिडीकारकाला, म्हणजे ज्वलनासाठी ऑक्सिजन पुरवणाऱ्या रसायनाला, नुसती भेटली तरी पेटतात आणि श्वासात गेली तर विषारी. तिथे वाऱ्याची दिशा बघून काम चालते.

घन इंधनाची गोष्ट निराळी. ते एकदा साच्यात ओतले की तसेच राहते, पण वजन प्रचंड. भारताच्या एलव्हीएम-३ या जड रॉकेटाच्या बाजूला जोडलेल्या प्रत्येक बूस्टरमध्ये, म्हणजे सुरुवातीला जादा जोर देणाऱ्या रॉकेटात, सुमारे २०० टन घन इंधन असते. एवढा स्फोटक माल रस्त्याने नेण्याऐवजी कारखानाच श्रीहरिकोट्यावर उभारला. कुरूलाही तसेच. उलट स्पेस शटलचे बूस्टर युटा राज्यात भरले जात आणि तुकड्यातुकड्यांनी रेल्वेने फ्लोरिडाला येत.

रॉकेट भरकटले तर?

ते मुद्दाम फोडतात. प्रत्येक तळावर सुरक्षा अधिकारी असतो. त्याच्यासमोर रॉकेटाच्या मार्गाच्या दोन्ही बाजूंना रेषा आखलेल्या असतात, आणि रॉकेट रेषेबाहेर जाऊ लागले की तो नाशाचा आदेश देतो. उपग्रह किती मोलाचा, त्यावर किती वर्षे खर्ची पडली, हे त्याने विचारात घ्यायचे नसते. काही नव्या रॉकेटांत हा निर्णय रॉकेटावरचे संगणकच घेतात. २५ डिसेंबर २०१० रोजी भारताच्या जीएसएलव्ही-एफ०६ या रॉकेटावरचे नियंत्रण उड्डाणानंतर मिनिटभरातच सुटले. आदेश गेला, रॉकेट फुटले आणि तुकडे बंगालच्या उपसागरात पडले. त्या संध्याकाळी बातम्यांत 'अपयश' हा शब्द होता. रॉकेटापुरता तो बरोबरच. तळाने मात्र आपले काम चोख केले होते.

समुद्र रिकामा कसा करतात?

विमानांसाठी आणि जहाजांसाठी आधी सूचना निघतात, मच्छीमारांना वेगळे कळवतात आणि उड्डाणाच्या दिवशी गस्त घालतात. कंटाळवाणे काम आहे. पण त्याचे मोल २०१४ च्या ऑक्टोबरात कळले. व्हर्जिनियातल्या वॉलॉप्स बेटावरून अँटारेस रॉकेटाचे २७ तारखेचे उड्डाण एक शिडाची होडी धोक्याच्या पट्ट्यात शिरल्यामुळे रद्द करावे लागले. एका होडीसाठी एवढे रॉकेट थांबवले म्हणून किती जण चरफडले असतील! दुसऱ्या दिवशी तेच रॉकेट सुटल्यावर काही सेकंदांतच मंचाशेजारी कोसळून फुटले. एकालाही इजा झाली नाही.

मच्छीमारांचा प्रश्न मात्र सूचना काढून सुटत नाही. बंदी म्हणजे त्यांची बुडालेली मजुरी. जपानच्या तानेगाशिमा तळावर मच्छीमार संघटनांशी झालेल्या करारांमुळे उड्डाणे वर्षातल्या ठरावीक काळातच करता येत. २०११ पासून ती वर्षभर करता येऊ लागली. इतकी वर्षे एका प्रगत देशाच्या अवकाश कार्यक्रमाचे वेळापत्रक माशांच्या हंगामाने ठरवले, आणि मला त्यात काही वावगे वाटत नाही.

तिथे आधी राहणाऱ्या लोकांचे काय होते?

'निर्मनुष्य किनारा' हे शब्द प्रकल्प अहवालात दिसले की सावध व्हावे. श्रीहरिकोट्यावर यानादी समाजाची माणसे राहत होती. जंगल आणि सरोवर यांवर त्यांचे पोट होते. तळ आला आणि त्यांना हलावे लागले. थुंबाला मासेमारांचे गाव होते आणि सेंट मेरी मॅग्डलिन चर्च. विक्रम साराभाईंनी बिशप पीटर बर्नार्ड परेरा यांच्याकडे जागा मागितली, लोकांनी ती दिली, आणि चर्चच्या इमारतीत रॉकेटांचे काम सुरू झाले. आज तिथे अवकाश संग्रहालय आहे. ही गोष्ट कौतुकाने सांगतात, आणि सांगावीच. पण जमीन दिली कोणी, हा भाग त्या कौतुकात लवकर संपतो.

ब्राझीलच्या अल्कांताराची गोष्ट जास्त शिकवणारी आहे. अक्षांश जेमतेम २.३ अंश, समोर अटलांटिक. कागदावर जगातल्या उत्तम जागांपैकी एक. १९८० च्या दशकात तळासाठी तिथल्या ३०० हून अधिक कुटुंबांना किनाऱ्यावरून आत, नव्या शेतवस्त्यांवर नेले. ही किलोंबोला कुटुंबे, म्हणजे गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकी लोकांचे वंशज. त्यांना जमीन मिळाली, पण ती समुद्रापासून दूर, आणि पोट तर मासेमारीवर. उरलेली गावेही हलवायची, तळ वाढवायचा, या वादात दशके गेली. २०२५ मध्ये अमेरिका खंडाच्या मानवाधिकार न्यायालयाने ब्राझीलला दोषी ठरवले. पुनर्वसनात घर मोजले जाते, जमीन मोजली जाते. कुठल्या खडकाशी कुठल्या भरतीला मासा लागतो हे ज्ञान कोणत्याच तक्त्यात बसत नाही, आणि हलवताना जाते ते तेच.

आणि पक्ष्यांचे, झाडांचे?

उड्डाणाच्या जागी नुकसान होतेच. घन इंधनाच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असते, ते पाण्याशी मिळून आम्ल बनते आणि मंचाजवळची झाडे करपतात. खाऱ्या हवेच्या जोडीने तेच पोलादही खाते, म्हणून रंगकाम कधी संपत नाही. पण कुंपणाच्या आत, मंचापासून दूर, उलटेही घडते. केनेडी केंद्राभोवती न वापरलेल्या जमिनीवर १९६३ मध्ये मेरिट बेट वन्यजीव आश्रयस्थान झाले. पुलिकतच्या उथळ पाण्यात आजही रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. माणसाला मनाई केली की पक्ष्यांना फावते.

पावसाने उड्डाण का थांबते?

पावसापेक्षा विजेने. रॉकेट आणि त्याच्यामागची तप्त धूर-रेषा मिळून ढगांतून जाणारी एक लांबलचक तारच तयार होते आणि जिथे वीज पडली नसती तिथेही ती पडते. १४ नोव्हेंबर १९६९ रोजी अपोलो १२ वर उड्डाणानंतर लगेच दोनदा वीज पडली, ते निभावले. मार्च १९८७ मध्ये एक ॲटलस-सेंटॉर रॉकेट निभावले नाही. मंचाभोवती दिसणारे उंच मनोरे विजेसाठीच असतात, पण ते रॉकेट जमिनीवर असेपर्यंतच कामाचे. त्यानंतर ढग ओळखणारा हवामानतज्ज्ञ आणि त्याचे ऐकणारा संचालक, एवढेच संरक्षण. दहा किलोमीटर उंचीवरचा वारा हे दुसरे कारण. खाली झुळूकही नसताना त्याच्यामुळे उड्डाण पुढे जाऊ शकते.

एक मंच पुरत नाही का?

तो शाबूत असेपर्यंत पुरतो. १ सप्टेंबर २०१६ रोजी केप कॅनाव्हरलच्या ४० क्रमांकाच्या मंचावर फाल्कन ९ इंधन भरतानाच फुटले. तो मंच पुन्हा वापरात यायला डिसेंबर २०१७ उजाडला. चौकशीसाठी उड्डाणे काही महिने थांबली, पण मंचासाठी तेवढा काळ थांबावे लागले नाही, कारण शेजारी दुसरा मंच होता. रशियाच्या बाबतीत २७ नोव्हेंबर २०२५ रोजी तर रॉकेटाला काहीच झाले नाही. सोयुझ एमएस-२८ अंतराळवीरांना घेऊन नीट पोचले, पण बायकोनूरच्या मंचावरचा देखभालीचा फलाट ज्वालेच्या खंदकात कोसळला. माणसे पाठवण्यासाठी रशियाकडे वापरात तेवढा एकच मंच होता.

भारताची जड रॉकेटे श्रीहरिकोट्याच्या दुसऱ्या मंचावरून जातात. तो २००५ पासून वापरात आहे आणि त्याला जोड नाही. तिसऱ्या मंचाला जानेवारी २०२५ मध्ये मंजुरी देताना जी कारणे दिली गेली त्यांत हेही होते.

खर्च किती आणि वर्षे किती?

रॉकेट सांगा, मग खर्च सांगता येईल. श्रीहरिकोट्याच्या तिसऱ्या मंचाला ३,९८४.८६ कोटी रुपये आणि ४ वर्षे धरली आहेत. कुलशेखरपट्टिणमच्या अख्ख्या तळाचा खर्च याच्या चौथाईइतका. आधीच उभ्या असलेल्या केंद्रातला एक मंच संपूर्ण नव्या तळाहून महाग कसा? कारण पहिला पुढच्या पिढीच्या, खालच्या कक्षेत ३० टनांपर्यंत नेणाऱ्या रॉकेटासाठी आहे आणि दुसरा मुख्यतः घन इंधनावर चालणाऱ्या छोट्या रॉकेटासाठी. अतिशीत इंधनाच्या टाक्या, नळ, मोठा खंदक, उंच इमारत यांतच पैसा जातो.

वर्षांबद्दल: श्रीहरिकोटा १९६९ मध्ये ठरले, पहिले संशोधन रॉकेट ९ ऑक्टोबर १९७१ रोजी उडाले, आणि स्वतःच्या रॉकेटाने उपग्रह कक्षेत गेला तो १८ जुलै १९८० रोजी. त्याच्या आदल्या वर्षीचा प्रयत्न फसला होता. कुरू १९६४ मध्ये ठरले आणि तिथून पहिला उपग्रह मार्च १९७० मध्ये गेला. फ्रान्सकडे रॉकेटाचा अनुभव आधीच होता. तळ बांधून होतो, रॉकेट मागे राहते, हे नेहमीचेच.

खासगी कंपनीने उडवलेले रॉकेट दुसऱ्या देशात पडले तर भरपाई कोण देणार?

सरकार. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार ज्या देशाच्या भूमीवरून उड्डाण झाले तोही 'प्रक्षेपक देश' ठरतो, आणि जमिनीवरच्या नुकसानीला चूक कोणाची हे न बघता तो जबाबदार असतो. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुऊर्जेवरचा उपग्रह १९७८ मध्ये कॅनडावर पडला. कॅनडाने ६० लाख डॉलर मागितले आणि ३० लाख मिळाले. म्हणून परवाना, विमा आणि तपासणी यांचा कायदा तळाबरोबरच लागतो. न्यूझीलंडच्या माहिया द्वीपकल्पावरच्या खासगी तळावरून २०१७ मध्ये पहिले उड्डाण झाले, त्याच वर्षी त्या देशाने अवकाशविषयक कायदा केला.

प्रत्येक देशाला स्वतःचा तळ हवाच का?

नाही. भारताचा आर्यभट १९७५ मध्ये सोव्हिएत भूमीवरून गेला. रोजचे उपग्रह दुसऱ्याच्या रॉकेटावरून जाऊ शकतात आणि बहुतेक देशांना तेच स्वस्त पडते. समुद्रातला फलाट हाही पर्याय आहे: इटलीने केनियाच्या किनाऱ्याजवळच्या सान मार्को फलाटावरून १९६७ ते १९८८ या काळात उपग्रह सोडले.

भाड्याचा तळ चालेल की नाही हे घरमालकावर अवलंबून आहे. सोव्हिएत संघ फुटून बायकोनूर कझाकस्तानात राहिल्यावर रशिया त्यासाठी वर्षाला ११.५ कोटी डॉलर भाडे देतो, करार २०५० पर्यंतचा. तरीही अतिपूर्वेला व्होस्तोच्नी हा नवा तळ बांधला आणि २०१६ मध्ये तिथून पहिले रॉकेट उडवले. ब्रिटनने उलटे केले. त्याचे ब्लॅक ॲरो रॉकेट ऑस्ट्रेलियातल्या वूमेराहून उडत असे. कार्यक्रम रद्द झाल्याची घोषणा १९७१ च्या जुलैत झाली. शेवटचे रॉकेट मात्र आधीच तयार होते, म्हणून ते २८ ऑक्टोबरला उडवून टाकले आणि त्याने प्रॉस्पेरो हा उपग्रह व्यवस्थित कक्षेत नेऊन ठेवला. स्वतःच्या रॉकेटाने उपग्रह सोडण्याची क्षमता मिळवून नंतर ती सोडून देणारा तो एकमेव देश. प्रॉस्पेरो अजून वर फिरतो आहे.